पहिल्या दिवसाची खुर्ची

३ मार्च, सोमवार

मावळत्या सभागृहाचा फोटो झाला. मधली खुर्ची अर्थातच थोरल्यांची! मी त्यांच्या उजव्या हाताला. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा सरका, सरांचा खांदा झाकला जातोय." सरकले. इतकी वर्षं सरकतेच आहे, आणखी दोन बोटं सरकायला माझं काय जातंय.

थोरले म्हणे. पंचाहत्तरीचा माणूस! मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. एका शाळेत असतो तर मधल्या सुट्टीत माझ्या धाकाने रडला असता. पण पेपरवाल्यांनी त्यांना 'थोरले' केलं आणि मला 'धाकट्या बाई'. आता दोन्ही नावं गोंदल्यासारखी बसलीत.

सभागृहात वय कोण बघतो? सेवा बघतात. सर्वांत जास्त वर्षं जो न पडता निवडून येत राहिला, तो ज्येष्ठ. पहिल्या बाकाचा कोपरा त्याचा. खिडकीची खोली त्याची. आणि निवडणूक होऊन नवीन सभागृह भरलं की पहिल्या दिवसाची खुर्चीही त्याचीच — नवा अध्यक्ष निवडेपर्यंत त्या उंच खुर्चीत बसायचं आणि झाडून सगळ्यांना शपथ द्यायची. पंतप्रधान असो नाहीतर काल मिसरूड फुटलेला पोरगा असो, सगळे समोर येऊन उभे राहणार. एका दिवसाचं राज्य. दुसऱ्या दिवशी परत आपल्या बाकावर.

आता खरी गंमत. आम्ही दोघं एकाच निवडणुकीत निवडून आलो. शपथही एकाच दिवशी घेतली. मग ते थोरले कसे? तर शपथेच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. आणि पुढे का होते? मीच जाऊ दिलं म्हणून! त्यांची आई वर गॅलरीत बसली होती, तिला परतीची गाडी गाठायची होती. हा बाबा घामाघूम, दर मिनिटाला वर बघतोय. मी म्हटलं, "जा, आधी तुम्ही."

तीन शब्द. आजवर सभागृहात इतकी भाषणं केली, एकाचाही एवढा परिणाम झाला नाही.

५ मार्च, बुधवार

फोटो पेपरात आलाय. माझा अर्धा कान कापलाय.

११ मार्च, मंगळवार

खोली रिकामी करायचा हुकूम आला, दर निवडणुकीआधी येतो तसा. माझी खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. दिवसभर डोक्यावर पावलं वाजतात. कागद बांधून झाल्यावर उगाच वर गेले आणि थोरल्यांच्या खोलीत डोकावले. खिडकीतून अख्खी बाग दिसते. खिडकीपाशी आरामखुर्ची. आरामखुर्चीवर उशी. उशीला झालर! कोण देतं ह्या माणसाला झालरीच्या उशा?

जेवताना चिरंजिवांनी विषय काढला. "आई, आता पुरे. एवढ्या वेळा निवडून आलीस, सन्मानाने थांब." सूनबाई दातांची डॉक्टर आहे, तिला दुखरी जागा बरोबर सापडते. ती म्हणाली, "अहो, त्यांना थांबायचंय. फक्त ती एक खुर्ची मिळाली की थांबतील. हो ना, आई?"

मी भात कालवत राहिले. पण इथे खोटं कशाला लिहू? हो. तेवढंच हवंय. मंत्रिपद नको, पुतळा नको, रस्त्याला नाव नको. एकदा त्या खुर्चीत बसायचंय आणि समोर थोरल्यांना उभं करायचंय. ही माझी शेवटची निवडणूक. ते उभे राहिले नाहीत तर ज्येष्ठ मीच. राहिले आणि आले, तर मी जिन्याखालीच संपणार.

१७ मार्च, सोमवार

राहिले उभे.

पक्षाच्या बैठकीहून परतताना दारात भेटले. पलीकडच्या पक्षाचे, पण वागायला इतके गोड की चीड येते. म्हणाले, "बाई, मी खरं तर थांबणार होतो. पण तुम्ही उभ्या राहताय कळलं, मग मला घरी करमेना." आणि हसले. सगळे दात स्वतःचे आहेत. सूनबाईनेच सांगितलं मला, कौतुकाने!

म्हणजे मी थांबले असते तर तेही थांबले असते. मग मला खुर्ची नाही, त्यांनाही नाही. आणि मी उभी, म्हणून तेही उभे. कुठूनही मोजा, माझीच पंचाईत.

२३ मार्च, रविवार

हे जाऊन आज तीन वर्षं झाली. फोटो पुसला. फोटोतही ह्यांच्या हातात माझीच पर्स आहे — कुठल्या तरी समारंभात माझे हात हारतुऱ्यांनी भरलेले होते तेव्हाचा. लोक 'बाईंचे साहेब' म्हणून चिडवायचे. हे हसायचे. दुसरा कोणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि मुळात उमेदवारी ह्यांना हवी होती. चांगली चालणारी वकिली, बोलणं फर्डं, पक्षात ओळखी. पहिलं भाषण छापूनसुद्धा घेतलं होतं. ऐन वेळी पक्षाने बाई उमेदवार मागितली आणि नाव आलं माझं. मी तर रडायलाच लागले, मला काय येतंय म्हणून. ह्यांनी छापलेल्या भाषणाचा गठ्ठा घेतला आणि पाठकोऱ्या बाजूवर माझ्यासाठी नवं भाषण लिहिलं. "एकाच घरात गेली ना उमेदवारी, झालं तर मग!" म्हणाले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे मी शंभर सभांमधून सांगितलंय. टाळ्याही घेतल्यात.

घरचा कारभार, पोराचा अभ्यास, सगळं ह्यांनी बघितलं. मी सदा दौऱ्यावर. घरचा फोनही हेच घेत. "तुझा सचिव मीच, पगार तेवढा तुझ्याकडून यायचाय," असं म्हणायचे. कोणाला काय सांगायचं, कोणाला गोडीत वाटेला लावायचं, मला कधी बघावं लागलं नाही.

आणि त्या संध्याकाळी! थोरले चार वेळा बसले त्या खुर्चीत. चारही वेळा मी घरी येऊन धुमसत बसायची. हे कॉफी करून आणायचे, शेजारी बसून पाठीवरून हात फिरवायचे. पहिल्या वेळी तर मी सरळ सचिवांकडे जाऊन विचारणार होते, की एकाच दिवशी आलो तर त्यांनाच का? ह्यांनी अडवलं. "अगं, शपथेची वेळ धरतात, रीतच आहे ती. विचारायला गेलीस तर हपापलेली दिसशील." खरंच होतं. ही रीत कुठे छापलेली नाही, सचिवांच्या डोक्यात असते, आणि आपल्यासाठी विचारायला जाणं म्हणजे नाक घासणं. नाही गेले. कधीच नाही. हे म्हणायचे, "विचारतील गं तुलाही कधीतरी."

तेवढं बघायला हवे होते हे.

१२ एप्रिल, शनिवार

प्रचार. गुडघे गेले. आज बाजारात माझ्याच वयाच्या एका बाईने हात धरला आणि म्हणाली, "तू आहेस अजून? मला वाटलं मागच्याच वर्षी गेलीस." तिला म्हटलं, "मत देऊन खात्री कर."

पक्षाने ह्या वेळी शेजारच्या मतदारसंघात एक सव्वीस वर्षांची मुलगी उभी केलीय. आली तर आजवरची सर्वांत लहान. आमचा दोघींचा फोटो काढायला सतराजण धावले, 'आजी आणि नात' म्हणून. मी आजी! ती जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढते. मी कठड्याला धरून तिच्याकडे बघत होते. मत, वय, पद सगळं राहू दे — मला नुसते तिचे गुडघे हवेत.

आमच्या जिल्हा-चिटणीसाला मात्र तिची उमेदवारी पचलेली नाही. वरवर लाडाने 'बेटा, बेटा' करतो, पण तिच्या नावाची घोषणा झाली की ह्याला नेमका तेव्हाच फोन येतो. दुसऱ्या कोणाला दिसलं नाही. मला लगेच दिसलं. ह्या एका बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. हेवा कितीही साखरेत घोळून ठेवा, मला बरोबर वास येतो. घरचंच पीक आहे!

२७ एप्रिल, रविवार

आले. अगदी काठावर. शेवटच्या पेट्या उघडेपर्यंत चिरंजीव समजुतीचं भाषण तयार करून बसले होते, वाया गेलं.

निकाल कळल्यावर पहिला प्रश्न माझ्या तोंडून काय निघाला? "थोरल्यांचं काय झालं?" सूनबाईने नुसतं बघितलं माझ्याकडे. मग म्हणाली, "दणदणीत. दुप्पट मतं."

पेढीवरचा शेठ हिशेब करताना करतो तसला चेहरा करून बसले होते म्हणे मी. असेन.

३० एप्रिल, बुधवार

थोरले पडले! न्हाणीघरात. खुब्याचं हाड.

बातमी ऐकली आणि काळजात एकदम लख्ख झालं. लिहायला लाज वाटते आहे, पण फार नाही. मग बसून नीट प्रार्थना केली. देवा, त्यांना बरं कर. पूर्ण बरं कर. पण घाई नको.

३ मे, शनिवार

दवाखान्यात जाऊन आले. भेटीला, असं सांगून. खरं म्हणजे बारा तारखेला नवीन सभागृह भरतंय, तोवर ते उठतात का, ते बघायला.

खोली स्वच्छ, मोठी, पुन्हा खिडकी! हा माणूस हाड मोडून पडला तरी ह्याला खिडकी मिळते. उशाला नर्स, पायथ्याशी नातवंडं, आणि स्वतः उठून बसून सफरचंद खातायत — दातांनी, सालासकट. मी घरून माझ्या कवळीने मऊ भात गिळून निघालेली.

ह्यांच्या आठवणी निघाल्या. त्या पहिल्या शपथेच्या रांगेची आठवण निघाली. "माझी आई गाडी गाठू शकली, ते तुमच्यामुळे," म्हणाले. दर भेटीत म्हणतात. दर भेटीत माझा जीव वर-खाली होतो.

मग सफरचंद खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, डॉक्टर चाकाच्या खुर्चीतून जायला परवानगी देतायत. पण पायऱ्या चढून वर बसणं अवघडच. ह्या वेळी तुम्ही बसा. मी सचिवांना तसं कळवतो."

आणि मी काय म्हणाले? मी, जिने ह्या एका वाक्याची निम्मं आयुष्य वाट बघितली?

"छे छे, भलतंच काय! तुमच्याशिवाय ती खुर्ची शोभायची नाही. आधी तुम्ही बरे व्हा."

आधी तुम्ही. पुन्हा तेच! तोंडाला सवयच लागलीय. मी असं म्हणायचं, मग त्यांनी आग्रह करायचा, मी आढेवेढे घ्यायचे, त्यांनी गळ घालायची आणि मग मी नाइलाजाने हो म्हणायचं — असं असतं ना भल्या घरात? पण थोरल्यांनी आग्रह केलाच नाही. सफरचंद परत उचललं आणि म्हणाले, "नाही म्हणायची तुमची सवय जुनीच आहे."

सवय? मी कधी कशाला नाही म्हटलंय? मला कोणी काही विचारलं तर नाही म्हणणार ना! औषधांची गुंगी असेल. नर्सने मला बाहेर काढलं.

४ मे, रविवार

जीभ हासडून टाकावी.

५ मे, सोमवार

सूनबाईला सांगितलं. आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, मी त्यांना फोन करून सांगू का, की आमच्या आईंना खरं तर बसायचंय?"

मी म्हटलं, "करून बघ. माझं तोंड नाही दिसायचं पुन्हा."

"मग बसा जिन्याखाली," म्हणाली आणि आपल्या दवाखान्यात निघून गेली. उद्धट आहे. पण खरं बोलते.

६ मे, मंगळवार

सकाळी सचिवांचा फोन. सभागृहाच्या आताच्या सचिव बाईच आहेत, करड्या, शिस्तीच्या. फोन सूनबाईने उचलला. "सांगा, मी निरोप देते," म्हणाली. तर पलीकडून, "नाही. बाईंशीच बोलायचंय. त्यांच्या स्वतःच्या तोंडून हवंय." दोनदा सांगितलं म्हणे.

मी फोन हातात घेतला.

"बाई, थोरल्या सरांनी असमर्थता कळवलीय. पहिल्या दिवशी हंगामी अध्यक्ष म्हणून आपण बसाल का? आधीच सांगते, मला निरोपावर काम भागवता येणार नाही. जुन्या सचिवांनी मला पदभार देतानाच बजावलं होतं, की बाईंना कधी विचारायची वेळ आली तर बाईंनाच विचारायचं, घरच्या कोणाला नाही."

बघा! एवढा मान. जुने सचिव निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी माणसाने माझी कदर जाणून ठेवली होती आणि मला पत्ता नाही.

ह्या वेळी जीभ चावून धरली. छे छे नाही, भलतंच नाही. "हो," म्हटलं. "बसेन." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईला मिठी मारली. ती घाबरलीच. आमच्यात तशी पद्धत नाही.

८ मे, गुरुवार

ठेवणीतले कपडे काढले. सैल होतायत. म्हातारपण माणसाला आतून पोखरतं. सूनबाईने टाचण्या लावून बसते केले. नावांची उजळणी सुरू आहे — एकही नाव चुकता कामा नये. चिरंजीव संध्याकाळी सदस्य होऊन समोर उभे राहतात आणि मी जेवणाच्या टेबलावरून त्यांना शपथ देते. आज मी त्यांना "आवाज चढवू नका, खाली बसा," म्हणाले तर खरंच बसले.

हे असते तर. कॉफीचा कप हातात घेऊन दाराशी उभे राहिले असते. "बघ, म्हटलं नव्हतं, विचारतील?" असं म्हणाले असते.

१२ मे, सोमवार

बसले.

आता बोटं दुखतायत, तरी सगळं लिहिणार.

खुर्ची भलतीच उंच आहे. खालून कधी कळलं नव्हतं. पाय टेकेनात, लहान मुलासारखे लोंबायला लागले. शिपायाने गुपचूप पायाखाली लाकडी खोकं सरकवलं. म्हणाला, "थोरल्या सरांनाही लागतं." इतका आनंद झाला! त्यांचेही पाय पोचत नाहीत. इतकी वर्षं वाटायचं, राजासारखे बसलेत.

घंटा वाजवली. सगळे उठले. अख्खं सभागृह माझ्यासाठी उठून उभं राहिलं, आणि वरून कसं दिसतं ते मी पाहिलं — नुसती टकलं! कोण रंगवतो, कोण नाही, सगळं कळतं.

पंतप्रधान आले, शपथ घेतली, सही केली. मग यादीप्रमाणे दुसरं नाव थोरल्यांचं. मी पुकारलं. आवाज अजिबात कापला नाही. हाच क्षण. चाकाच्या खुर्चीतून त्यांना मधल्या वाटेने आणलं — आणि टाळ्या सुरू झाल्या. दोन्ही बाजूंनी. सगळे पुन्हा उठले. गॅलरीसुद्धा. थांबेचनात! मी आले तेव्हा वाजल्या त्याच्या तिप्पट तरी. खुर्चीत मी, टाळ्या त्यांना. पंगू होऊन आले तरी माझ्या पानातला घास उचलला ह्या माणसाने. वाटलं, घंटा आपटावी.

शपथ मात्र माझ्या मागून म्हणाले. मी सांगेन तो शब्द, मी थांबेन तिथे थांबून. ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

मग सही करायला त्यांना माझ्या टेबलाजवळ आणलं. सही करून वर बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्या वेळी हो म्हणालात, बरं केलंत. त्या पहिल्या वेळी तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला ते खरंच वाटेना. माझी आई म्हणाली, बघ, त्या बाईंनी तुला रांगेतली जागा दिली, आता खुर्चीही दिली. ती जाईपर्यंत तुमचं नाव काढत होती."

मी म्हटलं, "मी? मी कधी नाही म्हणाले?"

समोर ध्वनिक्षेपक, चारशे माणसं, वर कॅमेरे. सचिव बाई खालून मान वळवून खूण करतायत, पुढचं नाव घ्या, पुढचं नाव. घेतलं. त्यांची खुर्ची वळवून नेली.

नंतर किती नावं घेतली, कोणाला शपथ दिली, काही ध्यानात नाही. ती सव्वीस वर्षांची आली, शपथ भराभर म्हणायला लागली. मी म्हटलं, "सावकाश. कोणाला वाट देऊ नकोस." सगळे हसले. ती पण. मी गंमत करत नव्हते.

घरी आल्यावर चिरंजीव-सूनबाईने कौतुक केलं, शेजारचे येऊन गेले. मी सारखी एकच गोष्ट मनात घोळवत होते. थोरले खोटं बोलत नाहीत. गुंगीतही नव्हते. मग नाही कोण म्हणालं?

उद्या जुन्या सचिवांना फोन करते. हपापलेली दिसले तर दिसले.

१३ मे, मंगळवार

जुन्या सचिवांचं वय झालंय, पण डोकं ताजं आहे. मला वाटलं माहीत असेल तुम्हाला, म्हणाले. एकाच दिवशी शपथ झालेली असली तर वयाने मोठं असेल त्याला आधी विचारायचं, ही रीत. शपथेची वेळ वगैरे कोणी बघत नाही. पहिला फोन त्यांनी इथेच केला होता. साहेबांनी घेतला. "तिची इच्छा नाही, दुसऱ्याला द्या. आणि तिच्यापाशी हा विषय काढू नका, तिला संकोच होतो." आणि एकदा नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारत नाहीत, थोरले होते तोवर थोरलेच. साहेबांचा आवाज जरा कडवट वाटला होता म्हणे, म्हणूनच पुढच्या सचिवांना बजावून ठेवलं.

मी हेव्याचा वास ओळखते म्हणून मिरवत होते. तो इथेच बसायचा, ह्या खुर्चीला खुर्ची लावून.

कॉफी आणायचा. पाठीवरून हात फिरवायचा. "विचारतील गं तुलाही कधीतरी," म्हणायचा. चारही वेळा म्हणाला.